परदेशगमनानिमित्त जाहीर सत्कार

त्रेसष्टाव्या वर्षी माणसाने नवी भाषा शिकायला घ्यावी यात काही वाईट नाही. वाईट आहे ते नगरात राहून घेणं. आमच्याकडे माणसाला मूळव्याधीचं ऑपरेशनसुद्धा गुपचूप करून घेता येत नाही. दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत गल्लीत तिघेजण ताकाचे गुण सांगायला उभे असतात. मग विमानात बसून जावा बेटावरच्या मालांग नावाच्या गावी जायचं आणि तिथे चौदा दिवस इंडोनेशियन भाषेचा वर्ग करायचा, हे लपून राहील असं मला वाटलं. छत्तीस वर्षं मास्तरकी केली की अकलेचं काय होतं ते यावरून समजा.

का शिकायची होती ते आत्ताच सांगून टाकतो, कारण त्या वेळी मी ते कोणालाही सांगितलं नाही. बायकोलाही नाही. आमची एकुलती एक मुलगी आराधना सिंगापूरला नर्स होती. तिथे तिला योहानेस नावाचा इंडोनेशियन इंजिनिअर भेटला आणि पाच वर्षांपूर्वी तिने मालांगच्या चर्चमध्ये त्याच्याशी लग्न केलं. मी गेलो नाही. लॉकडाऊन होता असं मी लोकांना सांगतो. लॉकडाऊन होताच, पण नसता तरी मी गेलो नसतो. मुलगा वाईट नव्हता. ख्रिस्ती होता, दारू पीत नव्हता, आईवडिलांना धरून होता. माझा आक्षेप एवढाच की मला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, ती गोष्ट वेगळी. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोललो नाही, आणि या घरात तो विषय नको असं दयाला, म्हणजे आमच्या मंडळींना, हेडमास्तरच्या आवाजात बजावून ठेवलं.

दया रोज दुपारी स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून त्या विषयाशी तासभर बोलत असे. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असे. पेपर सकाळीच वाचून झालेला असे, ते सोडा. त्या मोबाईलमधून एक चार वर्षांची मुलगी बोलायची. जॉय तिचं नाव. मी तिला कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. न थांबता बोलायची, आणि सगळं इंडोनेशियनमध्ये. एकदा ती कशावर तरी इतकी हसली की पेपराआड मीही हसलो, आणि का हसलो ते मलाच कळेना. माझी सख्खी नात, आणि तिच्या विनोदाला मी दुसऱ्याचं बघून हसणाऱ्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा हसतोय. तेव्हा ठरवलं. ही भाषा शिकायची, तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, आणि तिच्या भाषेत तिच्याशी बोलायचं. आराधनाशी काय बोलायचं ते नंतर बघू. वर्ग मालांगलाच शोधला. दयाला सांगितलं, भाषेचा अभ्यास करायचाय, तिथला वर्ग चांगला आहे. दया भाकरी थापत होती. ती म्हणाली, "चांगला असेल." एवढंच.

पहिला घोटाळा पासपोर्टाने केला. माझा जन्म अहमदनगर जिल्ह्यातला, शाळेचा दाखला अहमदनगरचा, आणि आधार कार्ड नुकतंच नवं करून घेतलेलं, त्यावर अहिल्यानगर. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही जिल्हा कधी बदलला? मी म्हणालो, मी जागचा हललो नाही, नाव सरकारने बदललं. त्या म्हणाल्या, तसं काही लेखी आहे का? मी भूगोल शिकवलेला माणूस. जिल्हा म्हणजे काय हे मी पस्तीस-छत्तीस तुकड्यांना शिकवलं, आणि आता माझाच जिल्हा माझाच आहे हे मला सिद्ध करायचं होतं. चार दिवस हिंडून शासनाच्या आदेशाची छापील प्रत आणली. बाईंनी ती उलटून पाहिली आणि परत दिली. लागत नव्हती म्हणाल्या, आपलं सहज विचारलं होतं.

मग पोलीस चौकशी. हवालदार आले ते रविवारी सकाळी, सावेडीतली आमची सगळी गल्ली अंगणात गाड्या धूत असताना. त्यांना शेजारचे दोन साक्षीदार हवे होते. एक उभे राहिले ज्ञानेश्वर पठारे. हे एसटीत कंट्रोलर होते. निवृत्त झाले तरी अजून माणसाकडे वेळेवर न सुटलेल्या गाडीकडे बघावं तसं बघतात. मला ओळखता का एवढाच प्रश्न होता. पठारेंनी बावीस वर्षांचा इतिहास सांगितला, त्यात पाण्याच्या टाकीवरून झालेलं आमचं भांडण घेतलं, आणि त्यात चूक उजागरे सरांचीच होती पण माणूस सरळ आहे, असा शेवट केला. हवालदारांनी जाता जाता सहज विचारलं, सर, निघालात कुठं? मला खोटं बोलता येत नाही. निदान पोलिसांशी येत नाही. मी म्हणालो, इंडोनेशियाला, भाषा शिकायला. अंगणातले सगळे नळ बंद झाले.

त्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. इंडोनेशिया म्हणजे बाली, आणि बाली म्हणजे लग्न झालेली जोडपी जातात ते, एवढी माहिती गल्लीत सर्वांना होती. बायका दयाकडे कणवेने बघू लागल्या. पठारे रोज संध्याकाळी येऊन बसत. व्हिसा तिथे उतरल्यावर मिळतो हे त्यांना काही केल्या पटेना. एसटीत तिकीट चढल्यावर मिळतं, पण उतरल्यावर कुठली गोष्ट मिळालेली त्यांनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती. चर्चमध्ये तर आणखी वेगळंच झालं. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत माझ्यासाठी वीस मिनिटं प्रार्थना केली, आणि तीत आपला बंधू दूरच्या बेटांवर सुवार्तेच्या कार्यासाठी निघाला आहे असं देवाला परस्पर कळवून टाकलं. देव काय म्हणाला असेल कोण जाणे. मंडळीतल्या दोन आजींनी तिकडच्या लोकांना वाटायला मराठी गीतांची पुस्तकं आणून दिली.

मुद्द्याचा प्रश्न फक्त आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या कडूबाईने विचारला. ती मूळची श्रीगोंद्याकडची.

"सर, तिकडली लोकं आपली भाशा शिकाया येत्यात का हितं?"

"नाही."

"मंग तुमीच का जाताय?"

मी तिला भाषेच्या अभ्यासाचं महत्त्व समजावून सांगायला लागलो. दया आतून म्हणाली, कडूबाई, कढई राहिलीय.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. शुक्रवारी रात्रीचं विमान होतं, शनिवारी दुपारी पोचायचं होतं, सोमवारी वर्ग सुरू. आणि मग वाल्मिक आला. वाल्मिक हा आमच्या गल्लीच्या मित्रमंडळाचा अध्यक्ष. महापालिकेला उभं राहायचं असं त्याच्या मनात गेली तीन वर्षं आहे, आणि ते लोकांच्याही मनात यावं म्हणून तो सत्कार करतो. दहावी पास झालेल्यांचा करतो, दहावी नापास होऊन आयटीआयला लागलेल्यांचा करतो, मोतीबिंदू काढलेल्यांचा सामुदायिक केला होता. तो म्हणाला, सर, तुमचा जाहीर सत्कार करायचा.

इथे मला नाही म्हणता आलं असतं. का आलं नाही, ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी ३१ मे २०२० ला सेवानिवृत्त झालो. त्या वेळचा लॉकडाऊन आठवतो ना? माझा निरोपसमारंभ मोबाईलवर झाला. एकूण अकरा चौकोन, त्यांतले सात काळे. संस्थेचे अध्यक्ष बोलायला लागले आणि त्यांचा आवाजच येईना, नुसते ओठ हलत होते. ते चांगलं बोलले असणार. एका चौकोनात कोणाची तरी म्हैस ओरडली आणि सभा संपली. छत्तीस वर्षांत मी दुसऱ्यांचे किमान दोनशे सत्कार पाहिले. खुर्च्या मांडल्या, हार आणले, पाहुण्यांच्या हातात नारळ दिले. माझ्या स्वतःच्या खांद्यावर शाल पडली नाही. ती शाल मला हवी होती. फार हवी होती.

सत्कार गुरुवारी ठरला. फ्लेक्स लागले. त्यावर मी मोबाईल कानाला लावून हसतोय असा फोटो होता, मागे डोंगर आणि नारळाची झाडं, आणि मजकूर होता, 'इंडोनेशियाच्या निमंत्रणावरून रवाना होत असल्याबद्दल आदरणीय यशया उजागरे सर यांचा जाहीर सत्कार'. मला कोणीही निमंत्रण दिलेलं नव्हतं. वर्गाची फी मी भरली होती. पण फ्लेक्स लागल्यावर सत्य सांगणं म्हणजे मंडळाच्या कार्यकर्त्यांचा उत्साह मोडणं, असं मी माझ्या मनाला समजावलं. मन लगेच समजलं.

बुधवारी वाल्मिक आला आणि म्हणाला, प्रमुख पाहुण्यांना गुरुवार जमत नाही, मंगळवारी येतो म्हणाले. मी म्हणालो, मी शुक्रवारी चाललोय. वाल्मिक म्हणाला, सर, मग जाणं मंगळवारनंतर ठेवा. आता तुम्ही म्हणाल, ज्याला निरोप द्यायचा त्याने निरोपासाठी थांबायचं, हा काय प्रकार? पण आमच्याकडे हे काही नवं नाही. पाहुण्यांची तारीख मिळेना म्हणून बांधून झालेला पूल आमच्याकडे आठ महिने बंद राहिलेला मी पाहिला आहे. मी तर एक साधा हेडमास्तर. तिकीट काढलं होतं ते अमृतकडून, तो एरवी काशी-रामेश्वरच्या यात्रा काढतो. त्याने तारीख बदलून बुधवारची करून दिली, पण बोलल्याशिवाय राहिला नाही. म्हणाला, सर, अडचण आली म्हणून तारीख बदलणारे पुष्कळ पाहिले, नारळ घ्यायचाय म्हणून बदलणारे तुम्हीच पहिले.

दया तीनदा बोलली. तिचं बोलणं मी नीट सांगतो. पहिल्यांदा ती म्हणाली, "ठरल्या दिवशी जा हो." मी म्हणालो, सत्कार रोज होत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाली, "मंगळवारच्या आत पोचलात तर बरं." मी म्हणालो, मंगळवारीच तर कार्यक्रम आहे, तू काय कानात बोळे घातलेत का? तिसऱ्यांदा ती ओट्यापाशी उभी होती, हात पुसत होती, आणि तिने सुरुवात केली, "अहो, ती लोकं मंगळवारी..." मी ताडकन उभा राहिलो. म्हणालो, "कोण लोकं? मी भाषेसाठी चाललोय. माझा कोणत्याही लोकांशी संबंध नाही." दयाने माझ्याकडे पाहिलं. मग ती तांदूळ निवडायला बसली, आणि पुढे ती त्याबद्दल बोलली नाही.

सत्कार मात्र झाला, आणि झोकात झाला. मंगल कार्यालय भरलं होतं. त्यात निम्मे लोक जेवण आहे असं ऐकून आले होते, पण खुर्च्या भरलेल्या दिसल्या हे महत्त्वाचं. पाहुणे दोन तास उशिरा आले. तोवर पठारेंनी माझ्यावर भाषण केलं, त्यात पाण्याची टाकी पुन्हा आली. पाहुणे म्हणाले की इंडोनेशियाशी आपलं फार जुनं नातं आहे आणि यशया सर ते नातं जोडायला चालले आहेत. बोलून बोलून माणूस चुकून खरं बोलला होता. एकूण चौदा शाली झाल्या. फेटा बांधला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला रडू आलं. दया पुढच्या रांगेत होती. ती मोबाईल हातात घेऊन माझे फोटो काढत होती. मला वाटलं, राग गेला वाटतं हिचा.

निघताना वाल्मिकने मंडळाचा एक बॅनर गुंडाळून माझ्या बॅगेत घातला. तिकडच्या शाळेसमोर तो धरून फोटो काढून पाठवायचा होता. तिकडच्या मुख्याध्यापकांना द्यायला शाल आणि नारळही दिला. नारळ मुंबईच्या विमानतळावर काढून घेतला. पठारेंच्या बायकोने दोन किलो शेंगदाण्याची चटणी दिली होती, परदेशात उपाशी मराल म्हणून. ती पोचली. मालांगला पहिल्या दिवशी जेवायला बसलो तर भाजीवर दाण्याचं कूट, भातावर दाण्याची आमटी, तळलेल्या मटणाबरोबरही दाणेच. दोन किलो दाणे घेऊन मी दाण्यांच्याच देशात येऊन उतरलो होतो.

गुरुवारी पोचलो आणि शुक्रवारी वर्गात गेलो, तेव्हा वर्गाचे चार दिवस होऊन गेले होते. वर्गात एक ऑस्ट्रेलियन आजीबाई आणि एक जपानी तरुण. दोघेही आपापसात भाजीचे भाव विचारत होते आणि मी अजून नमस्काराला अडकलेलो. शिकवायला इबू रेत्नो म्हणून बाई होत्या. इबू म्हणजे बाई किंवा आई. त्या आमच्या आराधनाच्या वयाच्या. पहिलं वाक्य मी घरून पाठ करून आलो होतो, ते उभं राहून खणखणीत म्हटलं, की मी हेडमास्तर आहे. हेडमास्तरला तिकडे 'कपाला सकोला' म्हणतात. बाईंनी विचारलं, अजून आहात? मी म्हणालो, नाही. मग आधी 'निवृत्त' लावा, असं म्हणून त्यांनी मला वाक्य पाच वेळा लिहायला लावलं. ज्या माणसाने हजारो पोरांना पाच पाच वेळा लिहायला लावलं, त्याने निवृत्त, निवृत्त, निवृत्त असं लिहीत बसणं यात काहीतरी न्याय असेल. मला त्या वेळी दिसला नाही.

दुपारी वर्ग सुटला की मी फिरायला जात असे. कुठे, ते उघड आहे. आराधनाचा पत्ता मला पाठ होता. दयाने पाठवलेल्या पार्सलांवर मीच तर तो लपून वाचला होता. गल्ली छान होती, दारात झाडं, समोर एक चहाची टपरी. घराला हिरवं फाटक. मी टपरीवर बसून त्या फाटकाकडे बघत गोड चहा पीत असे. माझा बेत साधा होता. मी जायचं नाही. ते बाहेर पडतील, मी समोर दिसेन, आणि मग मी म्हणेन, अरे, तुम्ही इथेच राहता होय. छत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला याहून बरा बेत सुचू नये, पण नाही सुचला. फाटक उघडलं नाही. शुक्रवारी नाही, शनिवारी नाही. मला वाटलं, गावाला गेली असतील. सोमवारी वाटलं, कामाला गेली असतील. मंगळवारी टपरीवाला मी न सांगता चहा आणू लागला. त्या पाच दिवसांत मी वीस कप चहा प्यालो असेन आणि दार एकदाही वाजवलं नाही. दार वाजवायचं म्हणजे मी आलोय असं झालं असतं.

बुधवारी इबू रेत्नोंनी गृहपाठ दिला. एखाद्या अनोळखी माणसाला इंडोनेशियनमध्ये दहा प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहून आणायची. मला एकदम सुटल्यासारखं वाटलं. आता माझ्याकडे कारण होतं, आणि ते वहीत लिहिलेलं होतं. हिरव्या फाटकाच्या शेजारच्या घरी एक म्हातारी बाई अंगणात चकल्यांसारखं काहीतरी वाळत घालत होती. मी नमस्कार केला आणि वही उघडली. तुमचं नाव काय? इबू सुमार्नी. मुलं किती? पाच. आज काय रांधलं? ते मला कळलं नाही, पण शेंगदाणे होते. तिला मजा वाटत होती, ती एकेक शब्द सुटा सुटा करून बोलत होती. सातवा प्रश्न मी घातला होता, तुमच्या शेजारी कोण राहतं?

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांद्यावरून शाल ओढल्याची खूण केली आणि डोक्याभोवती हात फिरवून फेटा दाखवला. आराधनाने तिला फोटो दाखवले होते. मग ती बोलली, अगदी हळू, शाळेत पहिलीच्या पोराशी बोलावं तशी.

"मरेका मनुंगू बापाक साम्पाय हारी सलासा."

ती लोकं तुमची मंगळवारपर्यंत वाट बघत होती. बापाक म्हणजे मी, वडील माणूस. या वाक्यातला एकही शब्द मला अडला नाही. इंडोनेशियनमधलं हे पहिलं अख्खं वाक्य, जे मला ऐकल्याबरोबर, वही न बघता, पूर्ण कळलं.

पुढचं थोडं अडत कळलं. योहानेसला हॉलंडमध्ये नोकरी लागली होती. मंगळवारी संध्याकाळचं विमान, ते त्यांना हलवता येत नव्हतं. शनिवारी ते तिघं मालांगजवळच्या सुराबायाच्या विमानतळावर मला घ्यायला जायचे होते. मी येणार नाही हे आदल्या दिवशी कळलं. तरी आराधनाला वाटत होतं, मी मन बदलेन. दोन दिवस ती स्वयंपाक करत होती, सोमवारी ताट इबू सुमार्नीकडे पाठवून दिलं. मंगळवारी निघताना फोन वाजला, तर त्यावर माझे फोटो होते. काही निरोप ठेवला का, असं मी विचारलं. वाक्य बरोबर झालं होतं, तिला एका दमात समजलं. ती म्हणाली, नाही. निरोप नाही. मग मला बसायला पाट दिला आणि पाणी आणून दिलं. आठवा, नववा आणि दहावा प्रश्न राहून गेले. दुसऱ्या दिवशी इबू रेत्नोंनी दहापैकी सात गुण दिले.

वर्ग पुरा केला, प्रमाणपत्र मिळालं, शाळेसमोर बॅनर धरून फोटोही काढला. परत आलो तेव्हा स्टँडवर ढोल होता. त्याबद्दल काही लिहीत नाही. घरी दया म्हणाली, थकलात. मी म्हणालो, हं. तिला सगळं ठाऊक होतं, आणि मलाही आता ठाऊक होतं, आणि ते बोलायचं कोणी यावर दोघंही बसलो होतो. मी तिच्यावर चिडावं म्हटलं तर कशावर? तिने तीनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा आराधनाला फोन लागला. मी बाहेरच्या खोलीत होतो आणि या वेळी मला बरंचसं कळत होतं. जॉय सांगत होती की इथे फार थंडी आहे, शाळेतल्या बाई वेगळंच बोलतात, तिला काहीच कळत नाही, आणि ती खेळात शेवटी उभी राहते. दया तिला म्हणत होती की कळेल, हळूहळू कळेल. दया हे इंडोनेशियनमध्ये म्हणत होती. मोडकंतोडकं, पण माझ्यापेक्षा पुष्कळ बरं. विमान नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. चार वर्षं रोज दुपारी एक तास, बस. मग जॉयने विचारलं, आजोबा आले का? दया म्हणाली, आले.

मी उठलो. स्वयंपाकघराच्या दारात गेलो. दयाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल डब्यापासून उचलून माझ्या बाजूला वळवला. जॉय दिसली. केस आराधनासारखे, वर बांधलेले. तिच्यामागे कोणीतरी उभं होतं, नुसता हात दिसत होता, आणि तो हात हलत नव्हता. जॉय बोलायची थांबली. ती माझ्याकडे बघत होती, कोणी नवा माणूस वर्गात आला की पोरं बघतात तशी. मला वाक्यं येत होती. कशी आहेस, काय खाल्लंस, मी तुझा आजोबा. तिन्ही येत होती. तोंडातून एकही निघेना. आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला आणि वाल्मिकची हाक आली. सर, चला सत्काराला, पाहुणे या वेळी वेळेवर आलेत.

मी दयाला म्हणालो, "आलोच." आणि निघालो. खरं सांगतो, त्या हाकेने मला हायसं वाटलं. दया आली नाही. ती मोबाईल हातात धरून तशीच उभी होती.

सत्काराचा विषय होता, परदेशातील अभ्यास यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल. मंगल कार्यालय तेच, खुर्च्या पुन्हा भरलेल्या. पठारेंनी भाषण केलं. पाहुणे म्हणाले, सरांनी आता आम्हाला तिकडच्या भाषेत दोन शब्द ऐकवावेत. वाल्मिकने माईक हातात दिला. मी मनात तयारी करून गेलो होतो, माझं नाव यशया उजागरे, मी निवृत्त हेडमास्तर. माईक तोंडाशी धरला आणि दुसरंच निघालं.

"मरेका मनुंगू बापाक साम्पाय हारी सलासा."

मग कोणीतरी ओरडून विचारलं, सर, याचा अर्थ काय? मी तोंड उघडलं, पण वाल्मिकने माईक माझ्या हातातून घेतला होता. तो म्हणाला, सरांनी आपल्या सगळ्यांचे मनापासून आभार मानले आहेत. लोक उठून उभे राहिले. टाळ्या बराच वेळ चालल्या आणि मी हात जोडून उभा राहिलो.